बहिणीच्या डोळ्याच्या दोन नोंदी

माझ्या धाकट्या बहिणीचा उजवा डोळा माझ्या जुन्या रजिस्टरमध्ये दोनदा नोंदलेला आहे. शनिवारच्या नोंदीत शेवटच्या रकान्यात शून्य आहे आणि सोमवारच्या नोंदीत बावीस. मध्ये फक्त एक रविवार गेला. तो रविवार आम्ही दोघी बहिणींनी डहाणू रोड स्टेशनच्या मालधक्क्याजवळ गवताच्या गासड्यांवर लोळून काढला. वडिलांच्या परवानगीने, आईचं न ऐकता आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

साल साठ किंवा एकसष्ट. मी सगळं लिहून ठेवणारी बाई आहे, पण रजिस्टरचा पुठ्ठा वाळवीने खाल्ला आणि साल नेमकं पुठ्ठ्यावर होतं. तेव्हापासून मी साल प्रत्येक पानावर घालते.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. वडील रेल्वेत, मालाच्या कचेरीत कारकून, आणि आम्ही स्टेशनाला लागूनच क्वार्टरमध्ये राहत होतो. दिवाळीच्या आसपास रानातलं गवत कापलं जायचं. ते दाबून त्याच्या गासड्या बांधायच्या आणि वॅगनीत भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा आमच्या भागातला मोठा व्यवहार. दोन महिने आमच्या मागच्या खिडकीतून गवताशिवाय काही दिसत नसे. वाळत घातलेल्या कपड्यांना गवताचा वास, पाण्याच्या हंड्याला गवताचा वास, आमटीलासुद्धा. आणि त्याच दोन महिन्यांत माझ्या बहिणीचे डोळे खाजायचे. लहानपणापासून. आम्ही त्याला तिची दिवाळी म्हणायचो.

डॉक्टर म्हणजे एक पारशी नेत्रतज्ज्ञ. मुंबईत त्यांचा दवाखाना आणि डहाणूला चिकूची वाडी. शनिवारी दुपारी ते गाडीने यायचे, सोमवारी सकाळी परत जायचे, आणि मधल्या वेळात वाडीतल्या बंगल्याच्या ओसरीवर गावोगावचे डोळे तपासायचे. माझ्यापाशी इंटर सायन्सचं अर्धवट सुटलेलं शिक्षण आणि सुवाच्य अक्षर होतं. त्यांच्यापाशी एक पितळी मायक्रोस्कोप होता, त्याला सगळे पेशंट दुर्बीण म्हणत. एवढ्यावर आमचं जमलं.

त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असे. काही डोळे गवत, धूळ, फुलोरा असल्या कशाने तरी बिथरतात आणि खाजत सुटतात. त्यातला कुठला डोळा किती बिथरलाय हे ओळखायचं कशावरून? पेशंटच्या सांगण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, आणि मी दोन महिने ओसरीवर बसल्यावर माझाही उडाला. आगरहून एक मासळी विकणारी आजी यायची. तिच्या पापण्या आतून खडी टाकलेल्या रस्त्यासारख्या झाल्या होत्या. विचारलं की म्हणायची, "काय नाय रे बाबा, जरासं चुरचुरतं." उलट कचेरीतले एक भाऊसाहेब यायचे. त्यांच्या डोळ्यात एकच लाल रेघ, पण ते पायरीवर बसल्या बसल्या घरच्यांसाठी शेवटचे निरोप सांगायला लागायचे.

म्हणून डॉक्टर साक्ष काचेची काढत. डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकायचे, वरची पापणी उलटी करायची, आतून बोथट पात्याने हलकेच खरवडायचं आणि जे येईल ते काचपट्टीवर पसरायचं. खाजऱ्या डोळ्यातून पांढरा चिकट दोरा निघतो, तोही त्यात घ्यायचा. मग काचपट्टी वाळवायची, रंग टाकायचा, धुवायची, आणि खिडकीच्या उजेडात मायक्रोस्कोपखाली धरायची. डोळा असा बिथरलेला असेल तर काचेवर गुलाबी दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतात. प्रत्येकीच्या पोटात दोन जांभळे गोल, मध्ये बारीक दांडी. मला त्या चष्मा घातलेल्या वाटायच्या. एका नजरेत जो गोल दिसतो त्यात अशा किती, हे मी मोजायचं आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं. डॉक्टरांना आशा होती की आजार जितका जास्त, तितका हा आकडा मोठा निघेल.

त्यांचा एक नियम कडक होता. पेशंटची तक्रार त्याच्याच शब्दांत, काच बघण्याआधी लिहायची. नंतर फिरवायची नाही.

बहीण तेव्हा अठराची. जूनपासून तलासरीच्या एका शाळेत पहिलीला शिकवत होती. तिच्या वर्गातली पोरं घरी वेगळी बोली बोलत आणि पुस्तक वेगळंच बोले. मधला पूल हिने गाण्यांचा बांधला. सुट्टीत घरी आली की स्वयंपाकघरात पोळपाट वाजवून ती गाणी म्हणून दाखवायची. दिवाळीच्या सुट्टीला मात्र ती गाणं न म्हणता आली. पिशवी खाली ठेवली, त्यातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

झालं होतं असं. शाळा तपासायला एक साहेब आले होते. त्यांनी मुलांच्या पापण्या उलट्या करून बघितल्या, तशाच मास्तरांच्या आणि बाईंच्याही बघितल्या. गवत तलासरीतही कापलं जात होतंच. हिच्या पापणीखाली त्यांना बारीक दाणे दिसले आणि त्यांनी लिहून टाकलं: खुपऱ्या. हा रोग एकाच्या डोळ्यातून दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. "मुलांपासून दूर ठेवावे," असं चिठ्ठीत होतं. सुट्टीनंतर मंगळवारी शाळा उघडेल तेव्हा खुपऱ्या नसल्याचा डॉक्टरी दाखला आणला तर ठीक, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं जाईल.

"मुलांपासून दूर," ती म्हणाली. "ताई, मी काय पिसाळलेय?"

आई म्हणाली, "जाऊ दे गं. उंबरगावचं स्थळ अजून थांबलंय."

त्यावर बहीण इतकी रडली की डोळे होते त्याच्या दुप्पट सुजले.

मी रडत बसणाऱ्यांतली नाही. मी कागद घेतला आणि वर लिहिलं, "डोळा दाखवण्याची तयारी". चार दिवस तिला नरपडला मावशीकडे ठेवायचं, तिथे समुद्राचा वारा आहे आणि गवत नाही. दिवसातून सहा वेळा थंड पाण्याच्या पट्ट्या. रात्री दुधाची साय. शनिवारी निघण्यापूर्वी गुलाबपाण्याने डोळे धुवायचे, दोरा दिसला तर ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. फिकी निळी साडी, म्हणजे डोळ्यातला लाल रंग उठून दिसणार नाही. आईने काजळही सुचवलं होतं. ते मी खोडलं, एवढी अक्कल मला होती. बाकी सगळं यादीप्रमाणे झालं. मुलगी दाखवायची असावी तसा आम्ही तो डोळा सजवला.

शनिवारी दुपारी डॉक्टरांनी पापणी उलटली, खरवडलं, मी काच रंगवली. मायक्रोस्कोपला डोळा लावला. एक गोल बघितला, दुसरा बघितला, वीस गोल बघितले. चष्मेवाली एकही नाही. काचेवर पापणीच्या साध्या पेशी ऐसपैस पसरलेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्यासारख्या.

डॉक्टरांनी स्वतः बघितलं. मग बहिणीच्या डोळ्याकडे बघितलं. मग वाकून वास घेतला.

"गुलाबजल?"

"हो," मी म्हणाले.

"किती दिवस धुतलास?"

मी यादी पुढे केली. त्यांनी ती सगळी वाचली आणि कपाळावर हात मारला. "अरे दीकरी! माझ्याकडे दोन वर्षं काम करतेस आणि हे काय आणलंस? मला बीमार डोळा पाहिजे. आ तो लग्नाचा डोळा छे!"

"पण आता बरा दिसतोय ना? मग दाखला द्या."

"बरा दिसतोय, पण दाणे तर आहेत आतमध्ये. तो साहेब उद्या परत पापणी उलटणार, परत दाणे बघणार. मला माहीत आहे ह्या खुपऱ्या नाहीत. पण तू माझी माणूस, ही तुझी बेन. लोक म्हणतील बुढ्ढ्याने घरातलं काम केलं. मी काचेवर बघीन तेच लिहीन."

मग बहिणीने नाक ओढलं आणि म्हणाली, "ताई, माझी नोकरी साहेबांनी नाही, तुझ्या यादीने घालवली."

हे तिने इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हटलं की डॉक्टरांना हसू फुटलं, मग तिला फुटलं, आणि शेवटी मलाही. हसणं ओसरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "डोळा कशाने जास्त खाजतो?"

"गवताने."

"तुझ्या बापाकडे गवत किती आहे?"

"वॅगनी भरून," मी म्हणाले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, आणि मी नवीन कागद घेतला.

"सोमवारी गाडीच्या आधी ये," डॉक्टर म्हणाले. "चोळू नकोस. धुऊ नकोस. आणि त्रास फार झाला तर लगेच बंद, समजलं?"

रविवारी सकाळी आम्ही मालधक्क्यावर गेलो. वडील छत्री घेऊन मागे. "रेल्वेत चढवायच्या मालावर लोळणं नियमात बसत नाही," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "तपासणी बसते. तपासणी करा." आणि छत्री उघडून त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

गासड्या रचायला रानशेतकडून आलेले मजूर होते, बायका-पुरुष मिळून दहाबारा जण. रविवार असूनही त्यांचं काम चालू होतं, कारण वॅगनी सोमवारी सुटायच्या होत्या. त्यांनी आधी आम्हाला काही हरवलंय असं समजून मदत करायला सुरुवात केली. मग बहीण एका फुटक्या गासडीत कमरेपर्यंत शिरली, ओंजळीने गवत उडवायला लागली, आणि त्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबूची पोर येडी झाली का काय?"

"नाही मावशी," मी म्हणाले, "औषध आहे."

"मग एकट्या धाकटीला कशाला? मोठीला दे. बाबूला पण दे थोडा."

पंधरा मिनिटांत शिंका सुरू झाल्या. बहिणीची शिंक कधी एकटी येत नसे. मजुरांनी हातातलं काम थांबवून मोजायला सुरुवात केली. काही मराठीत मोजत होते, मुकादम गुजरातीत मोजत होता. सातवर दोन्हीकडचे आकडे जुळले, नऊवर पुन्हा फुटले, आणि अकराव्या शिंकेनंतर भांडण लागलं की अकरा झाल्या का दहा. मी अकरा लिहिल्या.

खरी पंचाईत खाजेची होती. डोळे भरून आले, पापण्या जड झाल्या, आणि तिचे हात आपोआप वर जायला लागले. चोळायचं नाही, ही डॉक्टरांची अट. मी एक हात धरला, तिने दुसरा वर नेला. मी दोन्ही धरले.

"सोड ताई! जीव चाललाय!"

"घरी जायचं का?"

"घरी कशाला? हात सोड!"

"नाही सोडत."

"मग काहीतरी कर, नाहीतर मी खांद्यावर डोळा घासेन!"

मी तिचे हात तिढा घालून पकडले, पाय जुळवले आणि मागे झुकले. फुगडी. मजुरांच्या बायकांनी लगेच गोल केला. गासड्यांमधल्या मोकळ्या जागेत, सांडलेल्या गवतावर, आम्ही दोघी वाढलेल्या घोड्या गरगर फिरत होतो. धूळ उठली की उन्हात सोन्यासारखी दिसायची, आणि तीच धूळ आम्हाला हवी होती. हात अडकलेले, म्हणून चोळता येत नव्हतं. बहीण शिंकत होती, हसत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मध्येच ओरडत होती, "अजून! अजून!" मला चक्कर आली म्हणून थांबले तर त्या म्हातारीने पदर खोचला आणि माझी जागा घेतली. मग एकापाठोपाठ एक बाई येत गेली. तासभर तरी माझ्या बहिणीचे हात रिकामे राहिले नाहीत. मी बाजूला बसून दर अर्ध्या तासाला पापणीखालचा दोरा बघत होते आणि लिहीत होते: बारीक, बारीक, मध्यम, जाड.

वडिलांनी अर्धी छत्री वळवून बघितलं. "तपासणी अजून चालू आहे?"

"चालू आहे," मी म्हणाले.

"लवकर आटपा. स्टेशनमास्तर बघतायत." स्टेशनमास्तर बघत होतेच. ते हसत होते.

सोमवारी सकाळी बहीण उठली तेव्हा तिचे डोळे पिकलेल्या जामासारखे गुलाबी झाले होते आणि एकच फट उघडी होती. आई म्हणाली, "काय करून ठेवलंत पोरीचं!" मी मात्र तो दोरा बघितला आणि मला इतका आनंद झाला की मी तिचा मुका घेतला. गुलाबपाण्याची बाटली मी आधीच कुलपात ठेवली होती.

वाडीत पोचलो तेव्हा टांगा फाटकाशी उभा होता. डॉक्टर प्रवासाचा कोट आणि टोपी घालून ओसरीवर, एका पायात बूट, दुसऱ्या पायात सपात. डोळा बघताच त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली.

"आ छे डोळो!" ते म्हणाले. "बस, बस."

मी रजिस्टर उघडलं. नियम तो नियम, म्हणून आधी तक्रारीचा रकाना. "काय त्रास होतो?" मी रीतसर विचारलं, जणू ही आगरची आजी आहे किंवा भाऊसाहेब आहेत.

बहिणीला आदल्या दिवसाची ती म्हातारी आठवली असावी. तिला हसू आवरेना. "काही नाही गं ताई," ती म्हणाली, "मजा येतेय."

मी तसंच लिहिलं.

पापणी उलटली, खरवडलं, पसरलं. काच वाळेना म्हणून बहीणच तिला पुठ्ठ्याने वारा घालत बसली, डोळे मिटून. टांगेवाला बाहेरून ओरडला, "बावाजी, गाडी चुकेल!" रंग, पाणी, पुन्हा वारा. मी काच खिडकीपाशी नेली, आरसा उजेडाकडे फिरवला आणि वाकले.

सगळा गोल गुलाबी. चष्मेवाल्या एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या, काहींचे दाणे फुटून आजूबाजूला सांडलेले. मी मोजायला लागले आणि दोनदा चुकले. तिसऱ्यांदा बावीस. दुसरा गोल घेतला, तोही तसाच.

"किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"बावीस."

"खोटं बोलू नकोस."

"तुम्हीच बघा."

त्यांनी बघितलं, आणि ते साठीचे गृहस्थ एका बुटावर, एका सपातीवर जागच्या जागी नाचले. खरंच नाचले. मग खाली बसून त्यांनी दाखला लिहिला: दाणे आहेत, पण ते खुपऱ्यांचे नाहीत, डोळा गवताने बिथरतो, काचेवर त्याची खूण भरपूर सापडली, हा आजार कोणालाही लागत नाही, बाईंनी मुलांना खुशाल शिकवावं. खाली त्यांनी स्वतःहून एक ओळ घातली की त्या साहेबांना काच बघायची असेल तर शनिवारी यावं, दुर्बीण मोफत आहे. बहिणीला थेंबांची बाटली दिली, थंड पट्ट्या सुरू करायला सांगितलं, आणि टांग्यात चढले. पायांत तसेच, एक बूट आणि एक सपात. ते त्यांच्या लक्षात आलं गाडी सुटल्यावर.

त्याच दुपारी बहीण एसटीने तलासरीला निघाली. डोळे अजून लाल होते. डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं तरी आपले येतात असं तेव्हा सगळे मानत, त्यामुळे तिच्या बाकावर कोणी बसेना. शेजारच्या बाकावर चौघं दाटीवाटीने, आणि ही खिडकीशी ऐसपैस, मांडीवर दाखला. मी खाली उभी राहून तिला सूचना वाचून दाखवत होते: शाळेच्या मागे गवत रचलेलं असेल तर खिडकी बंद, वाटेने जाताना पदर नाकातोंडावर, थेंब दिवसातून चारदा.

"आणि फुगडी?" तिने विचारलं.

"फुगडी नाही."

"मग कसली नोकरी!" ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

शुक्रवारी तिचं कार्ड आलं. हेडमास्तरांनी दाखला हात लांब करून, अंतरावरून वाचला, मग जवळ आणून वाचला, मग म्हणाले, "जा बाई वर्गात, तासाभरापासून पोरं उगाच ओरडतायत." पोरं ओरडत नव्हती, तिचं गाणं म्हणत होती, पण दुसरं कडवं चुकीचं म्हणत होती. कार्डाचा उरलेला भाग ते कडवं कसं दुरुस्त केलं यात संपला होता, डोळ्यांविषयी एक अक्षर नाही.

शनिवारी डॉक्टर दोन्ही पायांत बूट घालून आले. रजिस्टर घेऊन बसले, शेवटच्या रकान्यावरून बोट खाली नेत नेत बावीसवर थांबले. इतका मोठा आकडा आमच्या रजिस्टरमध्ये दुसरा नव्हता, आगरच्या आजीचाही नाही. मग बोट आडवं तक्रारीच्या रकान्याकडे गेलं.

"मजा येतेय?" त्यांनी चष्मा वर केला. "हे काय लिहिलंस?"

"तिचे शब्द. काच बघण्याआधी."

"खोडून टाक. कोणी वाचलं तर म्हणतील ही दोघं माणसं गांडी."

गुजरातीत गांडी म्हणजे वेडी, हे डहाणूत सांगावं लागत नाही. मी म्हणाले, "नियम तुमचाच आहे. नंतर फिरवायची नाही."

त्यांनी चष्मा खाली घेतला. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. पायरीवर भाऊसाहेब बसले होते, निरोप सांगायच्या तयारीत.